मालकाचा पाय

(बुटांच्या कारखान्यातली सॅम्पलची खोली. जेवणाची सुट्टी, मशीन बंद. मालक आणि त्यांची मुलगी.)

मुलगी : असं नाही चालणार, बाबा. उद्या कॉलेजच्या मुलांसमोर बोलायचंय. "धंदा म्हणजे धंदा" एवढ्यावर तासभर कसा काढणार?

बाबा : दहा मिनिटांत उरकतो. पोरंही सुटतील, मीही सुटेन.

मुलगी : त्यांना धडे हवेत. हातगाडीवर चपला विकणारा माणूस इथवर कसा आला, काय शिकला.

बाबा : काय शिकला? लिही. मेहुण्याला मॅनेजर करू नये.

मुलगी : मामा पहिल्या रांगेत बसणार आहे.

बाबा : मग खोड. बरं, खरं सांगू? माझा धडा एकच. इथला कुठलाही बूट मालकाच्या पायातून गेल्याशिवाय बाहेर जात नाही. आठवडाभर घालायचा. मिरवायला नाही, राबायला. गिऱ्हाईक भिडेपोटी गोड बोलेल, विक्रीवाला पोटासाठी गोड बोलेल. पाय खोटं बोलत नाही. हे ठळक अक्षरात लिही.

मुलगी : आत्ता घातलाय तो नवाच ना? दुकानात दिवसभर उभं राहणाऱ्यांसाठीचा?

बाबा : तोच. आठवडा होत आला. काय मऊ झालाय म्हणून सांगू! मी पास केलाय, उद्या सकाळी लॉट निघू दे.

मुलगी : बाबा, मोज्याला काय लागलंय तुमच्या?

बाबा : पॉलिश असेल.

मुलगी : लाल पॉलिश? काढा बघू बूट. काढा म्हणते ना! द्या, मी आत हात घालून… स्स्, आई गं! खिळा वर आलाय टाचेतून. अहो, केवढं लागलंय तुम्हाला! आणि सकाळपासून हिंडताय?

बाबा : एवढंसं तर आहे. आमचे पाय तुमच्यासारखे नाजूक नाहीत. अनवाणी वाढलोय आम्ही.

मुलगी : डोळे मिटा.

बाबा : आता हे काय नवीन खूळ?

मुलगी : मिटा हो. सांगा, मी कुठल्या बोटाला हात लावलाय?

बाबा : अं… अंगठ्याला.

मुलगी : मी हात लावलेलाच नाही, बाबा.

बाबा : …दार लाव आधी.

मुलगी : कधीपासून चाललंय हे?

बाबा : साखर वाढली तेव्हापासून. आधी मुंग्या यायच्या, मग त्याही यायच्या बंद झाल्या. म्हटलं, बरं झालं, ब्याद गेली.

मुलगी : आईला माहितीये?

बाबा : तिला बोललीस तर याद राख. पलंगावरून खाली उतरू द्यायची नाही मला.

मुलगी : तो डबा कुठेय मलमपट्टीचा? पाय हलवू नका. म्हणजे मागचा तो शाळेचा बूट… टाचेला चावतो म्हणून पोरांनी परत केला, तोही तुम्हीच पास केला होतात.

बाबा : त्याचं चामडं कडक होतं.

मुलगी : म्हणून चामडेवाल्या काकांना दारातून हाकललंत. एवढे जुने मित्र! ते बिचारे काकुळतीला येऊन सांगत होते, शिवणीत घोळ आहे, घालून बघ.

बाबा : मी घातलाय, म्हणालो त्याला. खोटं नव्हतं ते.

मुलगी : खोटं कोण म्हणतंय? तुमचा पाय खोटं नाही बोलत, बाबा. तो आता बोलतच नाही.

बाबा : तोंड सांभाळ! कुणाशी बोलतेयस? अख्खा कारखाना उभा केलाय मी.

मुलगी : माहितीये. म्हणूनच म्हणते, लॉट थांबवा.

बाबा : आणि कारण काय सांगू सगळ्यांना? म्हातारा संपला?

मुलगी : लोक काय म्हणायचं ते म्हणू देत. कुणीतरी पोरगी हा बूट घालून काउंटरमागे उभी राहणार आहे, सकाळपासून रात्रीपर्यंत. तिला दुखणार आहे, बाबा.

बाबा : …भीती वाटते गं मला. बूट घालून बघतो, म्हणून मी मालक. नाहीतर केबिनमध्ये बसून सह्या काय, कुणीही ठोकेल.

मुलगी : अहो… असं काय करताय? इकडे बघा.

बाबा : काही नाही झालं मला. खाली फोन लाव. लॉट थांबवायला सांग. म्हणावं, खिळा वर येतोय आणि मालकाला तो कळला नाही.

मुलगी : अगदी याच शब्दांत?

बाबा : याच. नाहीतर उद्या कुण्या कारागिराच्या माथी मारेन मी, माझा स्वभाव मला ठाऊक आहे. आणि चामडेवाल्याकडे मी स्वतः जातो.

मुलगी : आधी डॉक्टरांकडे. आत्ताच.

बाबा : बरं बाई, आधी डॉक्टर. पण यापुढे बूट घालून बघायचा कुणी?

मुलगी : मी बघेन.

बाबा : तू? सॅम्पल निघतं माझ्या मापाचं. तुझ्या पायात होडी होईल त्याची.

मुलगी : मग माझ्या मापाचं काढा.

बाबा : आणि चावला तर? बापाला वाईट वाटेल म्हणून गप्प बसशील. लहानपणी मी केलेले बूट ढगळ झाले, तर पुढे कापूस कोंबून वर्षभर शाळेत गेलीस. हूं की चूं केलं नाहीस.

मुलगी : तेव्हा घाबरायचे तुम्हाला.

बाबा : आणि आता?

मुलगी : आताही घाबरते. पण सांगेन.

बाबा : ये, बस त्या स्टुलावर. डॉक्टर काही पळून जात नाही दोन मिनिटांत. पाय इकडे कर. मापाची पट्टी… ही काय. जरा आवळून धरतो.

मुलगी : आई गं! हळू ना, बाबा. लागतंय मला.

बाबा : हां. असंच सांगत जा.