विहिणींना वेगवेगळं बसवा

सन्माननीय अध्यक्षबाई, व्यासपीठावरची डॉक्टर मंडळी, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या सत्कारमूर्ती डॉक्टर प्यो सुन-जंग, आणि जेवण कधी वाढतात याकडे डोळे लावून बसलेल्या मागच्या रांगेतल्या माझ्या मैत्रिणींनो,

मी नामगुंग क्योंग-आ, डॉक्टरबाईंची जुनी पेशंट. मला पाच मिनिटं दिली आहेत. तेवढ्यात माझी प्रस्तावनाही होत नाही, हे माझे यजमान सांगतील.

मुलाचं लग्न ठरलं तेव्हाची गोष्ट. आपल्याकडे लग्नात आधी दोन्ही आया हातात हात घालून पुढे जातात आणि मेणबत्त्या लावतात. नवरानवरी अजून दाराबाहेर असतात, मग लोकांनी बघायचं कोणाकडे? म्हणून मी ठरवलं, सुरकुत्यांची इंजेक्शनं आपण घ्यायची आणि विहीणबाईंनाही भेट द्यायची. विहीणबाई, म्हणजे बंग मी-रान, नको नको म्हणत होत्या. मला वाटलं, संकोच असेल.

दवाखान्यात सल्ला देणाऱ्या मुलीने आम्हा दोघींना एकाच सोफ्यावर बसवलं आणि काही आजार आहे का, असं विचारलं. बंगबाई माझ्याकडे बघून नाही म्हणाल्या. मुलीची आई वरमायेसमोर साधा ताप तरी कबूल करेल का?

तेवढ्यात डॉक्टर प्यो आल्या. मला म्हणाल्या, "नामगुंगबाई, तुम्ही जरा बाहेर बसा."

मी म्हटलं, "अहो, आम्ही घरच्याच."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या.

मी बाहेर बार्लीचा चहा पीत धुमसत बसले. आत काय झालं ते मला नंतर विहीणबाईंकडूनच कळलं. डॉक्टरांनी आजाराचं नावच काढलं नाही. दाढ काढली तेव्हा रक्त कधी थांबलं, आणि बाळंतपणात काय झालं, एवढंच विचारलं. बंगबाईंना रडू फुटलं. दाढेचं रक्त दुसऱ्या दिवशीही येत होतं, आणि लेकीच्या वेळी तर बाहेरून रक्त द्यावं लागलं होतं. त्यातच, मी भेट दिलेला लाल जिनसेंगचा अर्क त्या रोज इमानेइतबारे घेत होत्या. त्यानेही रक्त जास्त वाहू शकतं, म्हणून डॉक्टरांनी रक्ताच्या डॉक्टरांना विचारेपर्यंत तोही बंद करायला सांगितला.

बाहेर येऊन मला मात्र एवढंच म्हणाल्या, की आज बंगबाईंना इंजेक्शन नाही. का, ते सांगेनात. माझं डोकंच फिरलं. मी तरातरा बाहेर पडले आणि रस्त्यात विहीणबाईंना तोंडावर म्हटलं, "सोयरीक नको असेल तर सरळ सांगा."

त्या जागच्या जागी थांबल्या. "हवी आहे, म्हणूनच गप्प होते. माझं रक्त लवकर थांबत नाही. माझ्या हे-रिनचंही तसंच असेल. आता मोडायची तर मोडा."

मला आधी राग आला. मग होणाऱ्या नातवंडांची काळजी वाटली. आणि मग, खोटं कशाला सांगू, भूक लागली. समोरच नूडल्सचं दुकान होतं. वाडगा पुढ्यात आल्यावर मी म्हटलं, "जेवा आधी. मेणबत्ती सुरकुतलेल्या हातानेही पेटते."

पुढे रक्ताच्या डॉक्टरांनी दोघी मायलेकींना तपासलं. दोघींच्या रक्तात तोच दोष निघाला. त्यांनी विहीणबाईंना आधी घ्यायचं औषध ठरवून दिलं, मग डॉक्टर प्योंनी अगदी बारीक सुईने मोजक्याच जागी इंजेक्शनं दिली आणि कितीतरी वेळ स्वतः दाबून धरलं. एक निळा डाग उठला, तो पावडरीखाली गेला. ऐकून लगेच धावू नका हं. हे प्रत्येकीला चालेलच असं नाही, ते तिच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

गेल्या वर्षी हे-रिन बाळंत झाली. रक्त थांबेना. पण तिथल्या डॉक्टरांना आधीच सगळं ठाऊक होतं, औषध हाताशी होतं. ती बघा, तिसऱ्या रांगेत बसली आहे, आणि बाळ अर्थातच विहीणबाईंनी बळकावलं आहे.

दवाखाना चालवायला येणाऱ्या नव्या डॉक्टरांना माझी एकच विनंती आहे. सोफा खुशाल नवा घ्या, पण विहिणींना वेगवेगळं बसवा.

आपण सगळ्यांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलताना काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. आणि डॉक्टर, त्या दिवशी मी रागाच्या भरात तुमचा निरोपही न घेता निघून गेले होते. तो आज घेते.