न फुटलेला नारळ

वेल्समधल्या त्या हॉस्पिटलात नीना दुखरं मनगट धरून बसली होती. मागच्या बाकावरून मराठी ऐकू आलं आणि ती मनगट विसरली.

"डॉक्टरला सांग, बर्फात घसरलो."

"पायावर नारळ पडला म्हणायला लाज वाटते?"

"अक्षया, हळू बोल."

"इथे कुणाला कळतंय? बायको ड्रायव्हिंग टेस्ट पास झाली तर डोंगरावर नारळ फोडीन, असा नवस कोण बोलतं, परीक्षित? आपल्या रीडिंग गावाच्या आसपास देवळं काय कमी आहेत?"

"देव डोंगरावरच असतो."

"आणि पायवाट सोडूनच भेटतो?"

"सह्याद्रीत मी कधी पायवाटेनं गेलोय?"

"सह्याद्रीत एप्रिलमध्ये गुडघाभर बर्फ नसतो. वर पोचलो तर नुसती झाडं! नारळ फोडायला एक दगड सापडेना."

"म्हणून झाडावर आपटला."

"आणि तो उसळून तुझ्या पायावर. साधे ट्रेनर्स बूट घालून डोंगर चढतात! नारळाला साधा तडासुद्धा नाही. नवस राहिलाच."

"पुढच्या वेळी फोडू. मला नाहीतरी परत यावंच लागणार."

"आता कशाला?"

"आणखी पाच नारळ बोललोय."

"कधी?"

"मगाशी. इकडे येताना तू राउंडअबाउटला उलटी शिरलीस ना, तेव्हा."

"बरं, बरं. घरी जाताना सावकाश चालवते."

नीना उठली आणि आपल्या गाडीशेजारी नवशिक्याची पाटी लावलेली गाडी उभी नाही ना, ते खिडकीतून पाहून आली.