बाटली भरलेली होती हो!

...बघितलं होतं हो, पाणी बघितलं होतं! तुम्हीही तेच विचारणार, माहीत होतं मला! रोज सकाळी बॉनेट उघडून बघायचो, ती रेडिएटरच्या बाजूला पाण्याची पांढरी बाटली असते ना, काठोकाठ भरलेली! गाडी सोळा वर्षांची, पण निगा अशी की बायको म्हणायची, "माझ्याकडे नाही कधी इतकं वाकून बघितलंत!"

तर तुम्हाला सांगतो, लेक चालली होती परदेशी, चार वर्षांसाठी. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, माझी नवी गाडी आहे की..." म्हटलं, छट्! पोरीला पहिल्या दिवशी शाळेत याच गाडीने सोडलं, विमानतळावरही हीच सोडणार! हट्ट हो, दुसरं काय? मेहुणा बिचारा सामान घेऊन मागून आला. पुलाखाली गर्दीत अडकलो आणि बायको किंचाळली, "अहो, काटा वर चाललाय!"

म्हटलं, घाबरू नकोस, हीटर लावतो, इंजिनाची उष्णता तो आत ओढतो. भर दुपारी हीटर! तिघंही घामाने निथळतोय, लेकीचं काजळ गालावर आलेलं... आणि पाच मिनिटांत गार वारा! मी स्टिअरिंगवर थाप मारली, "बघ, झालं की नाही इंजिन गार?" गार कसलं डोंबलाचं! आत पाणीच उरलं नव्हतं, मग गरम वारा येणार कुठून? भस्सकन वाफ! मेहुणा धावत आला, "भाऊजी, पाणी बघितलं होतं का?" हवालदार आला, "काका, पाणी बघितलं होतं का?" अरे, बघितलं होतं रे बाबांनो!

विमान थांबतंय होय? लेक मामाच्या गाडीकडे निघाली, बायकोही तिच्याबरोबर. जाता जाता लेक माझ्याजवळ आली, उघड्या बॉनेटपाशी वाकली. आठवडाभर चार वाक्यं पाठ केली होती हो मी तिच्यासाठी! आणि तोंडातून काय निघालं? "झाकणाला हात लावू नकोस, भाजेल!" झालं. गेली. रस्त्याच्या कडेला मी एकटाच रडत बसलो, लोकांना वाटलं गाडीसाठी रडतोय.

मेकॅनिक म्हणाला, "साहेब, रेडिएटरच्या झाकणाचं रबर गेलंय. तापल्यावर पाणी बाटलीत येतं, निवल्यावर परत आत जायला हवं. तुमचं बाहेर गेलेलं परत येतच नव्हतं. बाटली फुल्ल, आत खडखडाट! आत बघितलं होतं का कधी?"

आता बघतो ना! रोज सकाळी, इंजिन गार असताना, नवं झाकण काढून थेट आत. लेक फोनवर विचारते, "बाबा, पाणी बघितलं का?" म्हणतो, बघितलं गं. काठोकाठ आहे, गाडी ठणठणीत आहे... सोडायचं कुणाला?