आई शिडीचं बोलली तर

—नाही, त्या खुर्चीवर नको, तिचा पाय डगमगतो — इथे बसा, आणि जरा हळू बोला, आत्ताच डोळा लागलाय आईचा. तर काम काय, फोनवर सांगितलंच मी — अंग पुसायचं, कूस बदलायची, मी दुकानातून येईपर्यंत बसायचं. अट एकच. आई बडबडते. डोकं ठिकाणावर नाही आता तिचं. ती शिडीचं काही बोलली, तर या कानानं ऐकायचं, त्या कानानं सोडून द्यायचं. कसली शिडी? अहो, वडील आमचे गच्चीवरची टाकी साफ करायला चढले आणि शिडी सरकली — झालं, जुनी गोष्ट आहे, सगळ्या गल्लीला माहीत आहे. तरी रेडिओ मोठा ठेवायचा. आधीची बाई? तिला नको तिथे नाक खुपसायची खोड होती, काढली तिला.

तो फोटो? बहीण माझी. धाकटी. छान आहे ना दिसायला — म्हणा, म्हणा, सगळेच म्हणतात. पन्नाशी उलटली बाईंची, तरी घरात छकुलीच! नाही, येत नाही ती. वडील गेले आणि आम्ही दोघींनी ठरवलं, एका छपराखाली राहायचं नाही — म्हणजे ठरवलं असं नाही, झालं आपलं तसं. इथे मी आईला उचलून उचलून कंबर मोडून घेतली, आणि ती तिकडून मऊ शाल पाठवते. आई ती शाल गालाला लावून बसते हो! मी आणलेली चादर? ती टोचते! लहानपणीही हेच — नवा फ्रॉक तिला, उसवलेला मला. वडिलांच्या पट्ट्यापुढे मात्र मी पहिली. हो, मारायचे. आईचा तर त्या दिवशी हातच मोडला होता — जाऊ दे, कशाला ते.

आणि आता आई काय म्हणते माहितीये? येणाऱ्याजाणाऱ्याला, डॉक्टरलासुद्धा — "माझ्या छकुलीनं मला सोडवलं." छकुलीनं! ती घाबरून मला फोन करते, "ताई, आईचं तोंड सांभाळ, कुणी विश्वास ठेवला तर मी अडकेन, मग मलाही खरं सांगावं लागेल." बघा! म्हणजे अडकायचा मानही तिचाच! मी काय फक्त बेडपॅन धुवायला? अहो, ती तर दारात उभी राहून भोकाड पसरून रडत होती, तिचा काय हात पोचणार त्या शिडीला — लोखंडी शिडी, दोघांनी उचलायची — खांदा मी लावला, मी! हा बघा, अजून व्रण आहे. ते टाकीवरून पाय खाली सोडून चाचपडत होते, वरून म्हणाले, "शिडी धर गं" — आणि माझं नाव घेतलं. कार्टी सोडून दुसरं काही कधी म्हणाले नव्हते, त्या दिवशी नाव घेतलं. आणि मी ओढली. आईनं खिडकीतून पाहिलं सगळं, डोळ्यांनी पाहिलं — आणि तिला आठवते कोण? छकुली! असेन मी पापी, जन्मभर असेन, पण जे मी केलं ते माझं म्हणा ना कुणीतरी —

…उठलात का? चहा राहिलाय तुमचा. मी काय म्हणाले? काही नाही म्हणाले. शिडी सरकली. म्हणा बघू, शिडी सरकली. हं. नका बघू असं माझ्याकडे.

नको, उद्यापासून नका येऊ तुम्ही. राग नाही हो, माझं मी बघेन. कशी कुणास ठाऊक, पण बघेन.

थांबा — ऐकलंत? जागी झाली. डोळे उघडले नाहीत की "छकू, छकू" सुरू. ताई म्हणून एकदा, चुकून तरी — नाही. मी ताई आहे म्हटलं की भिंतीकडे तोंड करते. मग काय करणार माणूस?

आले गं आई. हो, हो, छकूच आहे. इथेच आहे मी.

जाताना दार ओढून घ्या.