सोमवारी दादाला कोण सांगणार?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, म्हणजेच आपल्या संस्थेचे सचिव महोदय, सन्माननीय प्राचार्य, व्यासपीठावरचे विभागप्रमुख, मला आपापल्या तासाला बसू देणारे सर्व प्राध्यापक, विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, मागच्या रांगेत माझं स्मृतिचिन्ह मांडीवर घेऊन बसलेली माझी आई, आणि पहिल्या रांगेत, माझ्या अगदी समोर बसलेला माझा दादा. सर्वांना नमस्कार.

मी बोलताना हात हलवते आहे, ते घाबरल्यामुळे असं कृपया समजू नका. माझा भाऊ जन्मापासून ऐकू शकत नाही. तोंडाने मी तुम्हाला जे सांगते आहे, तेच हातांनी त्याला सांगते आहे. चार वर्षं या कॉलेजात मी हेच करत आले. मी इथली विद्यार्थिनी नाही, नोकरीला नाही, हजेरीपटावर माझं नाव नाही. तरीही माझ्यासाठी निरोप समारंभ होतो आहे. माझ्यासारखीला आणखी काय हवं?

मघाशी अध्यक्षांनी माझं फार कौतुक केलं. त्यागमूर्ती म्हणाले. ते बोलत होते तेव्हा दादाने मला खुणेनं विचारलं, "काय म्हणतायत?" आता आली का पंचाईत? मी किती थोर आहे हे मलाच उठून, माझ्याच हातांनी त्याला सांगावं लागलं. दादा म्हणाला, "जरा कमी करून सांग." हसा, हसा. आम्हीही हसलो.

पण मला बोलायला दिलंच आहे, तर मी त्या परिषदेबद्दल बोलणार आहे. कायदा शिकणाऱ्या दिव्यांग विद्यार्थ्यांची व्यावसायिक परिषद गेल्या हिवाळ्यात भरली होती. प्राचार्यांनीच आम्हाला पाठवलं. त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे, आणि खरं सांगू, थोडी रागावलेलीही आहे. कारण तिथे गेलो नसतो, तर आम्हाला कळलंच नसतं की हे सगळं वेगळ्या तऱ्हेनं होऊ शकतं.

नावनोंदणीच्या टेबलाशी एक बाई होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. थेट दादाला खुणांनी विचारलं, "दुभाषी कुठल्या बाजूला बसलेले बरे पडतील तुम्हाला?" दादा मागे वळून बघायला लागला. त्याला वाटलं, पाठीमागे कोणी महत्त्वाचा माणूस उभा असावा.

आत मोठं सभागृह होतं. कोणी चाकाच्या खुर्चीत, कोणी पांढरी काठी घेऊन, एक मुलगी यंत्रावर टाइप करून बोलत होती. आणि पुढे दोन दुभाषी. एक खुणा करायची, दुसरी शेजारी बसून तिला अडलेला शब्द पुरवायची, थोड्या वेळाने अदलाबदल. मी शेवटच्या रांगेत बसले होते. हातांचं काय करावं तेच मला समजेना. शेवटी मांडीखाली घालून बसले.

चहाच्या सुट्टीत त्या दोन दुभाष्यांतल्या मोठ्या ताई माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "तूही हेच काम करतेस ना? तुझी जोडीदार कुठे आहे?"

"कसली जोडीदार?"

"म्हणजे दिवसभर एकटीच करतेस?"

मी हो म्हणाले, जरा अभिमानानंच. त्यांनी माझं मनगट हातात घेतलं आणि अंगठ्याच्या खाली दाबलं. मी कळवळले. कप हातातून सुटला.

"कधीपासून दुखतंय?"

"सुट्टी लागली की थांबतं."

"नाही गं पोरी," त्या म्हणाल्या, "हे आता थांबायचं नाही. हे काम एकट्यानं कोणी करत नाही."

दुपारी एक निवृत्त न्यायाधीश स्थगिती आदेशावर बोलले. दादाने प्रश्न विचारायला हात वर केला. आता स्थगितीला खूण काय करायची? आमच्याकडे कायद्याच्या शब्दांना खुणा नव्हत्याच, आम्ही स्वयंपाकघरात बसून त्या बनवल्या होत्या. दूध उतू जायला लागलं की आई धावत येऊन गॅस बंद करते, ती आमची स्थगिती. दादाने ती केली मात्र, ऐकू न येणारी सगळी मुलं टेबलं बडवायला लागली. सगळ्यांनी ती खूण उचलली. न्यायाधीश बिचारे बघतच राहिले, आपण असं काय विनोदी बोललो म्हणून.

मग दादाने प्रश्न विचारला, आणि एका ज्येष्ठ वकीलबाईंनी मध्येच उठून त्याला तिथल्या तिथे खोडून काढलं. दादाही मागे हटेना. संपल्यावर त्या बाई त्याच्याकडे आल्या. म्हणाल्या, "तुमचा मुद्दा चुकीचा होता, पण मांडलात झकास. पदवी घेऊन या. माझ्या कार्यालयात जागा आहे."

परतीच्या बसमध्ये दादाचे हात थांबेनात. मला म्हणाला, "छोटे, आज माझ्याशी कोणीतरी भांडलं गं! आजवर सगळे नुसते गोडच बोलत आलेत."

मंडळी, ही गोष्ट इथेच संपवता आली असती, तर हे भाषण फार सुरेख झालं असतं.

आल्यावर महिन्याभरात माझे हात गेले. नळ फिरवता येईना. वेणी आई घालून द्यायला लागली. डॉक्टरांनी तपासलं आणि स्पष्टच सांगितलं, "हे काम आजपासून बंद. नाहीतर उजवा हात कायमचा गमावशील." या मनगटांवरचे पट्टे तुम्हाला दिसत असतील. कोणाला दागिना वाटला असेल तर तसं नाही.

तेव्हा दादा आणि मी अध्यक्ष महोदयांच्या दालनात गेलो. साहेब, तुम्हाला आठवत असेल. दादाने दुभाषी मागितले. तुम्ही म्हणालात, "अहो, तुमची बहीण आहे की!" ते मी दादाला सांगितलं. दादा म्हणाला, "तिचे हात गेलेत." ते मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही विचारलंत, "मग घरातलं आणखी कोणी?" दादा म्हणाला, "आई शिवणकाम करते. घर तिच्या हातांवर चालतं. तेही आणून देऊ का?" साहेब, हे शेवटचं वाक्य तेव्हा मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. आज सांगते आहे.

तुम्ही तरतूद नाही म्हणालात, पाहू म्हणालात. आम्ही वाट पाहिली. आणि मग कॉलेजातून निरोप आला, की येत्या शनिवारी तुमच्या बहिणीचा सत्कार करायचं ठरलं आहे.

मधल्या काळात दादा एकटाच वर्गात बसला. ओठ वाचायचा प्रयत्न करायचा. सर पहिली दोन वाक्यं आठवणीने त्याच्याकडे तोंड करून बोलायचे, मग फळ्याकडे वळले की तास संपेपर्यंत फळ्याशीच बोलायचे. त्यांचा राग नाही मला. शिकवण्यात गुंगलेला माणूस तो. एका संध्याकाळी आईने विचारलं, "आज काय शिकवलं रे?" दादा म्हणाला, "आज भिंतीला पुराव्याचा कायदा समजला." तो हसला. आई हसली नाही.

पुस्तकं वाचून लेखी परीक्षा तो देईल, त्याची मला काळजी नाही. पण शेवटच्या वर्षाला अभिरूप न्यायालय सक्तीचं आहे. परीक्षकांसमोर उभं राहून युक्तिवाद करायचा, त्यांचे प्रश्न झेलायचे. कोणाच्या कानांनी झेलणार तो? कोणाच्या तोंडानं उत्तर देणार?

गेल्या आठवड्यात जेवताना त्याने पान सरकवलं आणि म्हणाला, "मी मामाच्या छापखान्यात जातो. तिथे यंत्रांच्या आवाजात सगळेच बहिरे असतात. कोणाला माझी अडचण व्हायची नाही." मामाने पहिल्या तारखेपासून बोलावलंय. आईने त्याच्यासाठी निळे सदरे शिवायला घेतलेत. बाह्या शिवून झाल्या आहेत. मी ते रोज बघते आणि काही करू शकत नाही. आधी निदान हात तरी होते.

म्हणून साहेब, तुम्ही दिलेला पुष्पगुच्छ मी आदरानं घेतला, स्मृतिचिन्ह मला उचलवलं नाही, ते आईने घेतलं. पण मला निरोप देऊन तुमची सुटका होत नाही. मी जाते आहे, दादा जात नाही. निदान जाऊ नये. मला सत्कार नको होता, माझ्या जागी माणसं हवी होती. दोन माणसं, आळीपाळीनं बसणारी. हात जोडून विनवलं असतं, पण या पट्ट्यांमुळे ते जुळत नाहीत.

क्षमा करा. दादा काहीतरी म्हणतोय.

तो म्हणतोय, "पुरे आता. हात खाली घे. उरलेलं मला कळलं नाही तरी चालेल."

ऐकलंत ना सगळ्यांनी? कळलं नाही तरी चालेल, म्हणतोय. परिषदेत टेबलं बडवायला लावणारा माझा भाऊ म्हणतोय. मला नाही चालत, दादा. मी खाली घेणार नाही.

आपण सर्वांनी माझं बोलणं शांतपणे ऐकून घेतलंत, मी आपली मनापासून आभारी आहे. निरोपाच्या भाषणात जे बोलू नये ते मी बरंच बोलले. वयानं आणि मानानं मोठ्या माणसांना उलट प्रश्न केले. माझी जीभ घसरली असेल तर लहान समजून पोटात घाला. फक्त एक विनंती आहे. सोमवारी सकाळी दादाचा पहिला तास आहे. त्याच्यासमोर कोणी असणार आहे की नाही, एवढंच अध्यक्ष महोदयांनी आत्ता, इथे सांगावं. हो असो की नाही, मी ते त्याला सांगेन. माझ्या हातांत तेवढा जीव आहे.

मी उभी आहे, साहेब. बोला.