बर्फातल्या देवांना वाघूर

मंचरच्या जनावरांच्या दवाखान्यात लाईन लागली व्हती. शेळी धरून बसलेल्या नंदाच्या पुढं बहीण-भाऊ व्हते. कॉलेजातली प्रांजल वही घेऊन आन् शाळा सोडलेला मच्छिंद्र कोकरू घेऊन.

“दादा, कॉलेजात आम्ही समदे मिळून गोष्ट रचत खेळतो ना, त्या खेळाला संध्याकाळपर्यंत देव पायजेत. उत्तरेकडच्या बर्फातल्या जुन्या देवांसारखे, पण आपण रचलेले. नायतर माझ्याऐवजी दुसरा कुणी रचणार.”

“किती झाले?”

“आठ. समदे महालात मेजवानी करतात. शेवटी राक्षसी लांडगा सुटतो आन् त्यांना खातो.”

“आठ जण जेवायला आन् मेंढरं राखायला एक नाय? खाईल नायतर काय!”

“मग नववा कोण करू?”

“मेंढकीण. तिला महाल नको, वाघूर दे. मेंढरांभोवती जाळी लावतो ना आपण, तीच. लांडगा आला की टाकील अंगावर.”

“लई भारी!”

नंदाला राहवलं नाय. “पोरी, एकटीनं वाघूर लावून दाव बरं मला. दुसरं टोक धरायला माणूस लागतंय.”

“मग दहावा देव तू, दादा. संध्याकाळी चल, तूच सांग त्यांना.”

“कॉलेजवाले हसतील.”

“हसू दे. लांडगा सुटला की गप बसतील.”

मच्छिंद्रनं कोकरू तिच्या मांडीवर ठेवलं आन् वही वढून घेतली.