क्लच नसलेली गाडी

“हॅलो?… हां आई, बोल… नाही गं, झोपला नाहीये, जेवतोय. म्हणजे दोन घास पोटात आणि चार भिंतीवर… हो, हो, सुरू झालंय! समोरच लावून बसलेय. अजून पडदा आहे गाडीवर.”

फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये दाबून तिने टॅब पाण्याच्या जगला नीट टेकवला. उंच खुर्चीतल्या ढब्बूने तेवढ्यात चमचा खाली टाकला. तिने उचलला. त्याने परत टाकला. हा खेळ सकाळपासून चालला होता.

“अगं ऐक ना… नाही, या वेळी पुढे ढकलत नाहीत… कसं म्हणजे? पडद्याखालून चाकं दिसतायत ना! मागच्या वेळी नुसतंच ‘लवकरच येत आहे’ लिहिलेलं होतं. चाकं पहिल्यांदाच दिसतायत… तू हस. हस खुशाल. पण आज गाडी येणार म्हणजे येणार.”

दीड वर्ष ही विजेवरची गाडी येत होती. बाकीच्या जगात ती कधीच रस्त्यावर उतरली होती, लोकांचे तिला पोचेसुद्धा पाडून झाले होते. इथे मात्र आधी थंडीत येणार होती, मग उन्हाळ्यात, मग बोट अडकली, मग आणखी काही तरी अडकलं. आणि ही बाई अशी, की गाडी येणार म्हटल्यावर आलीच असं धरून चालणारी. बायकांना गाडी शिकवायचा तिचा क्लास. पोटात ढब्बू होता तेव्हाच तिने क्लासची जुनी गाडी विकून टाकली. बाळंतपण उरकेपर्यंत नवी दारात उभी, असा हिशेब. ढब्बू आता नऊ महिन्यांचा झाला. दार अजून मोकळंच होतं, आणि सात जणी शिकायच्या ताटकळल्या होत्या.

त्या सात जणींमध्ये पहिला नंबर फोनच्या त्या टोकाला होता.

“अजिबात आवाज नाही गं तिचा… हो, गिअर नाही. क्लच पण नाही… आई, किती वेळा विचारशील? दोनच पेडल. एक ‘जा’ म्हणायला, एक ‘थांब’ म्हणायला. तुझ्या शिलाई मशीनला याहून जास्त भानगडी आहेत… कोण, बाबा? बाबांना म्हणावं, क्लच नसला की गाडी गाडी राहत नाही, तर मग तुम्ही चालतच जा… काय गं? आवाज असा काय येतोय तुझा? खोक्यात बसल्यासारखा… बरं, बरं.”

टॅबवर एक उंच माणूस हात चोळत फिरत होता. पडद्यापाशी जायचा आणि लाजल्यासारखा परत यायचा.

“तो डबा ना? आहे की, टेबलाखाली… परत हसलीस!… उलट्या बाजूचा आला, मग काय झालं? पाट म्हणून वापरते. ढब्बू त्यावर चमचा वाजवतो.”

डब्यात होता दुसरा ब्रेक. शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक लागतो, शिकणाऱ्याने भलतंच काही केलं तर दाबायला. गाडीचा पत्ता नसताना तिने तो आधीच मागवून ठेवला होता. जिथे गाडी आली होती, थेट त्या देशातून. तिकडे स्टिअरिंग दुसऱ्या बाजूला असतं, हे गावभर गाडी शिकवणाऱ्या या बाईच्या डबा उघडेपर्यंत लक्षात आलं नव्हतं. घरात ही गोष्ट पाहुण्यांना सांगितली जात असे.

“ते सोड. सराव चालू आहे ना तुझा?… रोज?… झाकण घेऊन?… बाबांना बसव की शेजारच्या खुर्चीवर, सिग्नल म्हणून… पेपर वाचतात? मग लाल सिग्नल झाला तो.”

दर रविवारी ती ढब्बूला घेऊन माहेरी जायची. स्वयंपाकघरात दोन खुर्च्या शेजारी शेजारी, आईच्या हातात मोठ्या पातेल्याचं झाकण, जमिनीवर बाबांची चप्पल म्हणजे ब्रेक आणि ढब्बूचा बूट म्हणजे ॲक्सिलरेटर. उजवा पाय मोठ्यावर जोरात, छोट्यावर हलका. डाव्या पायाला या गाडीत कामच नव्हतं. म्हणून आई तो सरळ वर उचलून मांडी घातल्यासारखा खुर्चीवर ठेवायची. म्हणायची, असा रुबाब कुठल्या गाडीत मिळतो?

“थांब, थांब, थांब… धरलाय पडदा… ओढला! आई गं!… निळी! निळी आहे! अगं, केवढी देखणी… दिवे बघायला हवे होतेस, बारीक डोळे करून हसल्यासारखे… ढब्बू, बघ! आजीची गाडी!… अरे चमचा काय फेकतोस, गाडीच आहे… हो, लाँच झाली. झाली! सांगितलं नव्हतं मी?… थांब हं, तारीख सांगतोय. कधी मिळणार ते सांगतोय. एक मिनिट.”

ते एक मिनिट जरा लांबलं.

नोंदणी आजपासून. गाड्या चार महिन्यांनी.

चार महिने. आईचा शिकाऊ परवाना सहा आठवड्यांत संपत होता. तोही दुसऱ्यांदा काढलेला. पहिला नुसताच पाकिटात राहून संपला होता. परीक्षेचा फॉर्म भरताना आईने वयाच्या रकान्यापाशी पेन थांबवलं होतं, ते हिने पाहिलं होतं. तिसऱ्यांदा ती आरटीओच्या खिडकीपाशी उभी राहायची नाही.

“हॅलो?… आहे गं, आहे… आली ना. आलीच. हातात मिळायला… चार महिने… आई, ‘बरं झालं’ काय?… नाही, ‘बरं झालं’ म्हणालीस तू आत्ता… मग परवाना पुन्हा काढू… ‘आता नको’ म्हणजे?… वय कुठून आलं मध्येच? सकाळी नव्हतं… अगं, सगळ्यांना सांगून झालंय म्हणून काय लाज… आई, माझं ऐकतेस का… एक मिनिट. एक मिनिट. ते टिकटिक काय वाजतंय?”

तिने टॅबचा आवाज पूर्ण बंद केला. ढब्बूच्या हातातला चमचा धरून ठेवला.

“घड्याळ?… आई, घड्याळ असं वाजत नाही… परत ऐकव. फोन जवळ ने… हां. टिक, टिक, टिक, आणि मग अडखळतं. आई, तो इंडिकेटर आहे. बाबांच्या गाडीचा आहे. जगात दुसरा कुठलाच इंडिकेटर असा उचकी देत नाही. तुम्ही गाडीत आहात?… कुठे?… डोळ्यांच्या डॉक्टरकडे? आणि हे तू मला आत्ता सांगतेस? दहा मिनिटं मी तुला दिव्यांचं वर्णन करून सांगतेय!”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बाबांच्या डोळ्यांची, मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीची, तपासणी होती. आणखी कुणी सोबत नको, मी नेतो मी आणतो, म्हणत स्वतःच गाडी चालवत गेले. तिथे डॉक्टरांनी बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले, ते घालणारच होते, आणि आता चार-पाच तास त्यांना समोरचं सगळं पुसट. आज शनिवार, दुपारचे तीन वाजलेले. वाहनतळाचं फाटक सहाला बंद, ते थेट सोमवारी उघडणार. गाडी तिथे टाकून रिक्षाने यायला बाबा तयार नव्हते. माणसाला असं परक्या ठिकाणी टाकून येतात का, असं ते गाडीबद्दल म्हणत होते.

“दे बरं त्यांना… बाबा? किती बोटं आहेत आईची?… समोर धर गं, आई… किती?… सात? वा… नाही, रागवत नाहीये. काळा चष्मा घाला आणि शांत बसा. आईला द्या… हां. ऐक, मी येते… हो, ढब्बूला ठेवून येते. दुसऱ्या खोलीत आहेत ना याचे बाबा, त्यांची सुट्टी संपली म्हणून सांगते. बसने वीस मिनिटं… पण आई, मला एक सांग. तो इंडिकेटर कुणी लावला?”

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“आपोआप?… आपोआप कसा लागेल? दांडी स्टिअरिंगपाशी असते… आई. तू कुठल्या सीटवर बसलीयस?”

ढब्बूचा चमचा पुन्हा खाली पडला. या वेळी कुणी उचलला नाही.

“ऊन येतं म्हणून? त्या बाजूला ऊन येतं म्हणून इकडे बसलीस?… मग मागे बसायचं. मागे अख्खी सीट रिकामी आहे… पर्स ठेवलीय? एवढी मोठी पर्स कधी घेतलीस तू?”

ती हसत होती. ती दहा वर्षांची असताना एकदा मागच्या सीटवर बसली होती. चढावरचा सिग्नल होता. आईने पाच वेळा गाडी बंद पाडली. मागे हॉर्नचा कल्ला, जळक्या क्लचचा वास. बाबा म्हणाले, उतर, दे इकडे. रागावून नाही म्हणाले, पण म्हणाले. आई भर रस्त्यात दार उघडून उतरली, सगळ्यांच्या देखत गाडीला वळसा घालून पलीकडे जाऊन बसली, आणि मांडीवर पर्स घट्ट धरली. त्यानंतर स्टिअरिंगच्या सीटवर ती कधीही बसली नव्हती. आज बसली होती. कुणी सांगितलेलं नसताना.

“आई, ऐक. मी येते, पण गाडी मी नाही चालवणार… कोण म्हणजे? तू… नाही, थट्टा नाही करत… परवाना आहे तुझ्याकडे. पर्समध्येच आहे, काढल्यापासून पर्समध्येच आहे. शेजारी मी बसणार, लायसन्सवाली. क्लासचा लाल ‘एल’ आणते, मागे-पुढे चिकटवू… ब्रेक? माझ्या पायाशी नाही ब्रेक, पण हँडब्रेक आहे ना हाताशी. अर्धा गाव शिकवलाय मी… क्लच जळेल? जळू दे. क्लच गाडीचा आहे, तुझं काय जातंय?”

ढब्बूला कडेवर घेऊन ती आतल्या खोलीच्या दाराशी गेली आणि नवऱ्याच्या हातात तो तसाच, तोंड बरबटलेला, सोपवला. “धर. भाताचा उरलेला भाग केसांत आहे.” आणि पुन्हा फोनवर:

“नाही, तुला नव्हते म्हणत… अगं ऐक ना. आधी तिथेच, वाहनतळावर, चार फेऱ्या. शनिवारी रिकामंच असतं. मग शाळेमागच्या गल्लीने… चढ नाहीये त्या रस्त्यावर. मला पाठ आहे, एकही नाही… मोठा रस्ता लागला तर? तर काय. तू म्हणालीस ‘तू घे’, तर मी घेईन. मी मागणार नाही. कळलं ना? मी कधीच मागणार नाही.”

पलीकडे टिकटिक चालूच होती. मग काही तरी बोललं गेलं, अगदी हळू.

“मला आठवतं. मी मागच्याच सीटवर होते… जाऊ दे. आता बाबांना मागे बसव. त्यांना सांग, मागच्या सीटवरच्यांनी बोलायचं नसतं, फक्त बाहेर बघायचं… आज तेही पुसटच… काय म्हणाले?… ‘क्लच हळू सोडायला सांग तिला’? बघ, आहेत ना सुधारण्यासारखे. चार महिने गाडी देतात का क्लासला, ते पण विचार. डोळ्यांचं काम होईपर्यंत त्यांना तरी कुठे चालवायचीय. मग नवी आली की ही परत… हो म्हणाले? काही दिसत नसताना माणूस किती पटकन हो म्हणतो!”

पायांत चपला, खांद्याला पिशवी, पिशवीत दोन लाल ‘एल’. दाराबाहेर पडताना तिने टॅबकडे एकदा पाहिलं. निळी गाडी गोल गोल फिरत होती. फिरू दे. येईल तेव्हा येईल.

“निघाले, जिन्यात आहे… आता आधी तो इंडिकेटर बंद कर. ज्या दांडीने लागला, तिच्यानेच… वर… आता खाली… थांबलं! बघ, टिकटिक थांबली. पहिला धडा झाला… आता हँडब्रेक वर ओढलेला आहे ना? गच्च?… किल्ली?… ती मागे बाबांना दे, पर्समध्ये टाकू दे. गाडी बंदच ठेवायचीय… सीट पुढे घे, गुडघा जरा वाकला पाहिजे. झालं?… आता पाय सांग. उजवा कुठाय?… खाली. छान. आणि डावा?”

ती जिन्याच्या मधल्या पायरीवर थबकली.

“आई! वर घेतलास? मांडी घालून बसलीयस?… अगं, ही ती गाडी नाही. हिच्यात डाव्याला काम आहे… सोड खाली… कशावर टेकला?… तोच. तोच तो. घाबरू नको, बंद गाडीत काही करत नाही तो… दाब. पूर्ण आत… अजून… आता सोड. मऊ. दुधावरची साय बोटाने सारतेस ना, तशी… परत.”

फोनमधून जुन्या पेडलचा आवाज आला. कुईं. मग जरा वेळाने, आधीपेक्षा सावकाश, परत एकदा कुईं.

“ऐकू येतंय मला… हो, येतंय. दुसरा जास्त चांगला होता… मी येईपर्यंत हेच. मोजायचं नाही… चल, बस आली समोर, ठेवते… नाही आई, फोन ठेवला तरी पाय नाही थांबवायचा.”